चूक वैमानिकाचीच?

२ मे १९५३. दुपारचे साडेचार वाजून गेले असतील नसतील. कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून ‘बीओएसी’ या ब्रिटिश सरकारी कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान दिल्लीकडे निघाले. सिंगापूरहून लंडनला चाललेल्या या विमानात ४३ माणसे होती. बंगालात ते दिवस कालबैशाखीचे. दिवसभर तापलेल्या आकाशात संध्याकाळी अचानक काळे ढग उभे राहतात आणि झाडे मोडून पडतील असा वारा सुटतो. उड्डाणानंतर सहाच मिनिटांत विमानाशी बोलणे तुटले. कोलकात्याच्या वायव्येला काही मैलांवरच्या एका खेड्यातल्या लोकांनी पाहिले ते पंख नसलेले, पेटलेले विमान. कोणी वाचले नाही.

बरोबर एक वर्षापूर्वी, २ मे १९५२ रोजी, याच जातीच्या विमानाने लंडनहून जोहान्सबर्गकडे जगातले पहिले प्रवासी जेट उड्डाण केले होते. त्या पहिल्या वाढदिवशीच हा अपघात घडला.

भारत सरकारच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की वादळातल्या जबर झोतांमुळे विमानाचा सांगाडा मोडला असावा, किंवा झोतातून विमान सावरताना वैमानिकाच्या हातून नियंत्रणांवर गरजेपेक्षा जास्त जोर पडला असावा. कॉमेटची नियंत्रणे यंत्रशक्तीवर चालत. वैमानिकाने दांडा ओढला की पंखांवर आणि शेपटीवर किती ताण येतो आहे हे त्याच्या हाताला कळायचेच नाही. म्हणजे दोष माणसाचा म्हणायचा की दांड्याचा? हा प्रश्न तेव्हा फार ताणला गेला नाही. अवशेषांची जुळवाजुळव इंग्लंडमध्ये झाली, पण धातूला आलेला थकवा हे कारण असू शकेल असा विचार त्या चौकशीत कोणी केला नाही.

या लेखात मला सांगायची आहे ती कॉमेटची गोष्ट, पण तिच्या मागे एक जुनी खोड आहे. विमान पडले की पहिले बोट वैमानिकाकडे जाते. ते सोयीचे असते. तो बहुतेक वेळा मेलेला असतो आणि त्याची बाजू मांडायला कोणी नसते. कारखाना, कंपनी, सरकार, विमा उतरवणारे, सगळ्यांनाच हे उत्तर परवडते. प्रवासी विमानसेवेच्या पहिल्या चार दशकांत ही खोड मोडायला जे प्रयत्न झाले, त्यांतला सगळ्यात मोठा प्रयत्न कॉमेटच्या निमित्ताने झाला.

सुरुवातीच्या काळात विमान पडणे ही बातमी असे, कोडे नसे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये पिकार्डीच्या आकाशात दोन प्रवासी विमाने समोरासमोर आदळली. एक लंडनजवळच्या क्रॉयडनहून पॅरिसला चालले होते, दुसरे पॅरिसहून लंडनला. धुक्यात वाट चुकू नये म्हणून दोघांनी खालचा एकच रस्ता धरला होता. सात जण गेले. या अपघाताचा उलगडा करायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. त्यानंतर ठरले की आकाशातही आपापल्या उजव्या बाजूने जायचे.

अमेरिकेत ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससच्या कुरणात टीडब्ल्यूए कंपनीचे फॉकर विमान कोसळले आणि आठ जण मेले. त्यांत नूट रॉकनी हा फुटबॉलचा लाडका प्रशिक्षक होता, म्हणून देश हादरला. तोवर अमेरिकी सरकारचे हवाई खाते अपघातांची कारणे स्वतःजवळच ठेवत असे, लोकांना सांगत नसे. रॉकनीच्या मृत्यूनंतर हे झाकून ठेवणे अशक्य झाले. विमानाचे पंख लाकडी होते, आतल्या ओलाव्याने गोंदाची पकड सैल झाली होती आणि हवेत पंख तुटला होता. लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांचा काळ तिथून ओसरू लागला. गेलेला माणूस प्रसिद्ध नसता तर हे किती वर्षांनी कळले असते, कोण जाणे.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. त्या उड्डाणाचे आपल्याला कौतुक आहे आणि असावेच. पण ते ज्या जातीच्या विमानातून आले, त्या डी हॅविलंड पस मॉथची त्याच सुमाराची कुंडली वाचली की अंगावर काटा येतो. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगात वेगवेगळ्या ठिकाणी ही विमाने उडता उडता मोडली होती. पंखांना थरथर सुटते आणि त्यांना आधार देणारे दांडे तो हिसका सोसत नाहीत, हे इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्राने शोधून काढले आणि दुरुस्त्या झाल्या. कारखाना तोच डी हॅविलंड, शोध घेणारे केंद्र तेच फार्नबरो. वीस वर्षांनी ही जोडी पुन्हा समोरासमोर येणार होती.

कॉमेट ही डी हॅविलंडची अभिमानाची वस्तू. लंडनजवळच्या हॅटफिल्डहून २७ जुलै १९४९ रोजी ती पहिल्यांदा उडाली, चालवायला जॉन कनिंगहॅम हा युद्धात नाव कमावलेला वैमानिक होता. चार जेट इंजिने पंखांच्या मुळाशीच बसवलेली, ३६ प्रवासी, ताशी पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास वेग. पंख्याची विमाने ज्या उंचीवर ढगांशी झगडत, त्याच्या कितीतरी वर, ३५ ते ४० हजार फुटांवर ती जायची. प्रवाशांच्या चहातही तरंग उठत नसे, असे वर्णन तेव्हाच्या जाहिराती करत. १९५२ च्या ऑगस्टमध्ये लंडन ते कोलंबो सेवा सुरू झाली आणि कॉमेट सांताक्रूझलाही उतरू लागली. मुंबईकरांनी पाहिलेले पहिले प्रवासी जेट ते हेच. अमेरिकेकडे तेव्हा प्रवासी जेट नव्हते. युद्धाने कफल्लक झालेल्या ब्रिटनला ही चढाई फार गोड वाटत होती.

पण इतक्या उंचीवर माणूस श्वास घेऊ शकत नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते. कॉमेटमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंडांनी जास्त असे. त्या वेळच्या इतर विमानांच्या मानाने हा फरक जवळजवळ दुप्पट. वजन वाचवण्यासाठी बाहेरचा पत्रा मात्र मिलिमीटरभराहूनही पातळ. प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुगायचे आणि उतरताना पुन्हा आक्रसायचे.

पहिला फटका २६ ऑक्टोबर १९५२ ला रोमला बसला. पावसाळी रात्री चाम्पिनो विमानतळावर कॉमेट धावपट्टीवरून उठलीच नाही, शेवटाला जाऊन मोडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. कॅप्टन हॅरी फूट यांनी विमानाचे नाक प्रमाणाबाहेर उचलले, असा ठपका आला आणि त्यांना कॉमेटवरून काढून मालवाहू यॉर्क विमानांवर टाकले. चार महिन्यांनी, ३ मार्च १९५३ ला, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची नवी कोरी कॉमेट ताब्यात घेऊन नेताना कराचीला अगदी तसाच अपघात झाला. या वेळी अकराही जण मेले. जेट प्रवासी विमानाचा हा पहिला जीवघेणा अपघात. त्याचेही कारण वैमानिकाची चूक असेच नोंदवले गेले.

मग डी हॅविलंडने काय केले, तर पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला. जुन्या आकारात नाक थोडे जास्त उचलले गेले की पंखाची उचल नाहीशी व्हायची, हवेचा अडथळा वाढायचा आणि विमान कितीही धावले तरी वेग धरत नसे. चूक जर निव्वळ वैमानिकाची होती तर पंख बदलायचे कारण काय? फूट आणि वैमानिकांची संघटना हाच प्रश्न विचारत राहिले. माझ्या मते कॉमेटच्या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे. पुढचे अपघात अज्ञानातून झाले. इथे कारखान्याला दोष कळला होता, त्याने तो दुरुस्तही केला, पण नाव माणसाचे लागलेलेच राहिले.

कोलकात्याचा अपघात या दोन्हींनंतरचा. त्यालाही वादळ हे कारण हाताशी होतेच.

१० जानेवारी १९५४ चा दिवस मात्र स्वच्छ होता. सिंगापूरहून निघालेली कॉमेट सकाळी रोमहून लंडनसाठी उडाली. नोंदणीच्या अक्षरांवरून तिला ‘योक पीटर’ म्हणत. १९५२ मध्ये जोहान्सबर्गचे ते पहिले उड्डाण केले होते तेही हिनेच. चढत चढत २७ हजार फुटांच्या आसपास असताना कॅप्टन वाटेतल्या दुसऱ्या विमानाशी हवामानाबद्दल बोलत होते. वाक्य अर्ध्यावर तुटले. एल्बा बेटाजवळच्या कोळ्यांनी वर तीन स्फोटांसारखे आवाज ऐकले आणि जळते तुकडे समुद्रात पडताना पाहिले. ३५ जण गेले, त्यांत युद्धवार्ताहर आणि इतिहासकार चेस्टर विल्मॉट होते.

बीओएसीने आपणहून सगळ्या कॉमेट जमिनीवर उतरवल्या. समिती बसली. इंजिनाला आग लागली असावी, त्याची पाती उडून इंधनाच्या टाकीत घुसली असावीत, अशा तर्कांवरून साठेक दुरुस्त्या झाल्या, इंजिन आणि टाक्यांच्या मध्ये चिलखती पत्रे बसले. अवशेष अजून समुद्रातून पुरते बाहेरही आले नव्हते. तरी २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. घाई कशाची होती, हे सांगायला नको. बोइंगने आपले जेट बनवायला घेतले होते.

सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोकडे निघालेली ‘योक योक’ नेपल्सजवळ समुद्रात नाहीशी झाली. साउथ आफ्रिकन एअरवेजसाठी उडणाऱ्या त्या विमानात २१ जण होते. समुद्र तिथे इतका खोल होता की सांगाडा वर काढणे अशक्यच. चार दिवसांनी कॉमेटचा उड्डाणयोग्यतेचा परवाना काढून घेतला गेला. पंतप्रधान चर्चिलनी पैसा आणि माणसे यांचा हिशेब न करता कोडे सोडवा, असा आदेश दिला. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराचे प्रमुख तेव्हा माउंटबॅटन होते, आपले शेवटचे व्हाइसरॉय तेच. त्यांच्या जहाजांनी पाण्याखालचे टेलिव्हिजन कॅमेरे सोडून एल्बाच्या तळाशी ‘योक पीटर’चे तुकडे शोधले.

फार्नबरोचे संचालक आर्नल्ड हॉल तेव्हा ३९ वर्षांचे होते. वर आलेला प्रत्येक तुकडा हँगरमध्ये लाकडी चौकटीवर आपापल्या जागी बांधायला त्यांनी सुरुवात केली. डाव्या पंखावर केबिनच्या बाहेरच्या रंगाचे ओरखडे सापडले. शेपटीच्या पत्र्यात केबिनमधल्या गालिच्याचा तुकडा अडकलेला होता. म्हणजे शेपूट तुटण्याआधी केबिन फुटली होती आणि आतले सामान मागे भिरकावले गेले होते. पिसा विद्यापीठात मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांना फुप्फुसे फाटलेली दिसली होती. त्यावरूनही केबिनमधला दाब एका क्षणात गेला होता हेच निघत होते. आगीचे मात्र एकही खात्रीचे चिन्ह नव्हते, जे जळले ते फुटल्यानंतर.

मग हॉलनी एक अख्खी कॉमेट मागवली. ‘योक अंकल’ हे वापरातले विमान होते, त्याची १,२३१ उड्डाणे झालेली. त्याच्या धडाभोवती प्रचंड पोलादी टाकी बांधून ती पाण्याने भरली. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर, त्यांना खालीवर हलवायला जॅक. विमानाच्या आतही पाणीच. हवा दाबून चाचणी केली असती तर पहिल्या तड्यालाच सांगाडा बाँबसारखा फुटून पुरावा नष्ट झाला असता. पाणी दाबले जात नाही, म्हणून तडा गेला तरी तो तिथेच थांबतो, जिथे सुरू झाला ते दिसते. दाब वाढवायचा, उतरवायचा, पंख हलवायचे, असे एक उड्डाण काही मिनिटांत. रात्रंदिवस हे चालू होते.

लोखंडी तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिली की ती तुटते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. एका वाकवण्याने काही होत नाही, शेकडोंनी होते. विमानाच्या पत्र्याचे तेच. ही कल्पना तेव्हा कोणाला नव्हती, असे म्हणता येत नाही. १९४८ मध्येच अमेरिकेत मार्टिन कंपनीचे एक प्रवासी विमान पंखाला आलेल्या अशाच थकव्याने मोडून ३७ जण मेले होते. त्याच वर्षी नेव्हिल शूट यांनी ‘नो हायवे’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक विमानाच्या धातूचा थकवा मोजणारा फार्नबरोचाच शास्त्रज्ञ आहे आणि त्याचे कोणी ऐकत नाही. शूट स्वतः विमान अभियंते, तरुणपणी डी हॅविलंडमध्येच कामाला होते. कादंबरीकाराला दिसलेले कारखान्याला का दिसले नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे.

जूनअखेर टाकीतली ‘योक अंकल’ फाटली. आधीची १,२३१ आणि टाकीतली १,८२६ धरून एकूण ३,०५७ उड्डाणांवर. तडा एका चौकोनी मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या भोकापासून सुरू झाला होता आणि पत्रा कित्येक फूट फाटत गेला होता. प्रत्यक्षात ‘योक पीटर’ १,२९० उड्डाणांनंतर पडली, ‘योक योक’ तर सुमारे ९०० नंतरच. डी हॅविलंडने मात्र केबिनच्या एका भागावर १८,००० वेळा दाब देऊन पाहिला होता आणि तो टिकला होता. तिथेच घोळ होता. चाचणीचा तो भाग आधी दुप्पट दाबाच्या परीक्षेतून गेला होता. त्या वेळी कोपऱ्यांतला धातू थोडा ताणला जाऊन तिथला पुढचा ताण उलट हलका झाला. म्हणजे चाचणीतला नमुना प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानापेक्षा मजबूत झाला. कोणी लबाडी केली नाही. चाचणी प्रामाणिक होती, फक्त ती दुसऱ्याच वस्तूची झाली.

ऑगस्टमध्ये एका इटालियन मासेमारी बोटीच्या जाळ्यात ‘योक पीटर’च्या छताचा तुकडा आला. रेडिओच्या दिशादर्शक अँटेनासाठी छतात खिडक्यांसारखे दोन झरोके होते, त्यांतल्या एकाच्या कोपऱ्यात फाटण्याची सुरुवात दिसली. तो तुकडा आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. जाता जाता एक खुलासा. कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडली, असे आजही शाळेच्या पुस्तकापासून व्हिडिओपर्यंत सगळीकडे सांगतात. ते अर्धेच खरे. ‘योक पीटर’ आधी फुटली ती प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, छतातल्या या झरोक्यापाशी. खिडक्यांचे कोपरेही गोलसरच होते. पातळ पत्रा, कोपऱ्यात गोळा होणारा हिशेबापेक्षा मोठा ताण आणि भोके ठोकून बसवलेले रिव्हेट, या तिन्हींनी मिळून ते झाले. पुढच्या विमानांच्या खिडक्या अधिक गोल झाल्या हे मात्र खरे.

लॉर्ड कोहेन यांच्यापुढे १९ ऑक्टोबर १९५४ पासून वेस्टमिन्स्टरला उघडी चौकशी झाली. फेब्रुवारी १९५५ मध्ये अहवाल छापून आला, सगळ्या जगाला वाचायला खुला. बोइंग आणि डग्लसनेही तो वाचला. डी हॅविलंडने आपली माहिती प्रतिस्पर्ध्यांपासून लपवली नाही. सुधारलेली कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिक ओलांडणारे पहिले प्रवासी जेट ठरली खरी, पण तीनच आठवड्यांत बोइंग ७०७ आली आणि बाजार घेऊन गेली. १९६० मध्ये एअर इंडियानेही ७०७ च घेतली.

इकडे मेलबर्नच्या सरकारी हवाई प्रयोगशाळेत डेव्हिड वॉरन नावाचा इंधनतज्ज्ञ कॉमेटवरच्या बैठकांना बसत होता. सगळे जण अंदाज बांधत होते आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की वैमानिकाचे शेवटचे बोलणे कोणी टिपून ठेवले असते तर? एका प्रदर्शनात त्याने खिशात मावेल असे, तारेवर आवाज टिपणारे यंत्र पाहिले होते. १९५४ मध्ये त्याने त्यावर टिपण लिहिले आणि पुढे नमुना बनवला. चार तासांचा आवाज आणि काही मोजमापे साठवणारा. वॉरन नऊ वर्षांचा असताना, १९ ऑक्टोबर १९३४ ला, त्याचे वडील ‘मिस होबार्ट’ नावाच्या डी हॅविलंडच्याच विमानासह बास सामुद्रधुनीत नाहीसे झाले होते. बाराही जण गेले. काही हाती लागले नाही, तेव्हा वैमानिक हवेत जागा बदलत असावेत, असा तर्क पुढे आला. त्यांनी तसे केले की नाही, हे सांगणारा मागे कोणीच राहिला नव्हता.

ऑस्ट्रेलियाने वॉरनच्या यंत्राला थंडा प्रतिसाद दिला. वैमानिकांच्या संघटनेलाही ते आपल्यावर पाळत ठेवणारे यंत्र वाटले. ज्यांच्या अब्रूचे ते रक्षण करणार होते त्यांनीच ते नाकारावे, यात नवल नाही. बोट नेहमी आपल्याकडेच येते हे त्यांना अनुभवाने माहीत होते. १९५८ मध्ये भेटीला आलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने ते पाहिले आणि वॉरनला लंडनला नेले. १९६० मध्ये क्वीन्सलंडमधल्या मकायजवळ फॉकर विमान समुद्रात पडून २९ जण मेले, कारण सापडेना. चौकशीने अशा यंत्राची शिफारस केली आणि कॉकपिटमधला आवाज टिपणे सक्तीचे करणारा पहिला देश ऑस्ट्रेलियाच ठरला. वॉरन २०१० मध्ये गेले, तेव्हा शवपेटीवर लिहिले होते की आत फ्लाइट रेकॉर्डरचा जनक आहे, उघडू नये.

मराठी घरांत २४ जानेवारी १९६६ ची आठवण अजून निघते ती होमी भाभांमुळे. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे ७०७ विमान जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँवर आदळले आणि ११७ जण गेले. कट, घातपात यांच्या कथा त्यावर आजही चालतात. फ्रेंच चौकशीत निघाले ते साधे होते आणि म्हणूनच न पटणारे. विमानातल्या दिशादर्शक यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. आपण शिखर ओलांडले असे समजून वैमानिकाने आपली जागा कळवली. नियंत्रकाच्या लक्षात चूक आली, त्याने विमानाची खरी जागा सांगितली. वैमानिकाने ते वाक्य होकार समजून घेतले आणि उतरणे चालू ठेवले. एक नादुरुस्त यंत्र, दोन्हीकडून वेगळा अर्थ निघेल असे एक वाक्य आणि ढग. यालाही कोणी ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत बसवू शकतो. पण त्या दोन शब्दांतून पुढच्या वैमानिकाला काय शिकता येईल?

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे ड्रीमलायनर पडले आणि जमिनीवरच्यांसह २६० जण मेले. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे स्विच बंद झाल्याची नोंद आणि दोन वैमानिकांमधल्या संवादाचा त्रोटक उल्लेख त्यात होता, कोण बोलले ते नव्हते. एवढ्यावर वाहिन्यांनी आणि परदेशी वर्तमानपत्रांनी निकाल लावून टाकला. १९५३ मध्ये डमडमच्या वेळी तर्क लढवणाऱ्यांकडे निदान ध्वनिमुद्रण नव्हते. अपघाताच्या तपासाचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि भारताने ते मान्य केलेले आहेत.

आपल्याकडच्या विमान अपघात तपास विभागाचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचायला मिळतात. अहमदाबादचा अंतिम अहवाल हाती येईल तेव्हा वाचकांनी एक करावे. कारणाची एक ओळ बातमीत येईलच. ती सोडून आधी शेवटी दिलेल्या शिफारशी वाचाव्यात. यंत्र, कारखाना, कंपनी आणि सरकार यांनी काय बदलायचे ते तिथे लिहिलेले असते. तिथे काही नसेल, तर तपास अपुरा राहिला आहे.